बाथरूम नवं करताना पैसे नेमके कुठे जातात?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : आमची इमारत तीस वर्षांची आहे. आठ बाय पाचचं बाथरूम पूर्ण नव्याने करायचं आहे. एका कंत्राटदाराने ९५ हजार सांगितले, दुसऱ्याने १ लाख ८५ हजार. दोघांनी पाहिलं तेच बाथरूम, मग दरात दुपटीचा फरक कसा? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : बाथरूम तेच असलं तरी दोघांच्या मनातलं काम वेगळं आहे. ९५ हजारांच्या अंदाजपत्रकात बहुधा जुन्या टाइल्स काढून तिथेच नव्या बसवणं आणि ‘लागेल तसं’ प्लंबिंग एवढंच धरलं असेल. कमोड, नळ, शॉवर ‘पार्टीचं’, म्हणजे तुम्ही आणायचं. जीएसटी वेगळा. सिंकला, म्हणजे फरशीखालच्या खोलगट स्लॅबला, हात लावायचा की नाही याचा उल्लेखच नसेल. दोघांना एकच यादी द्या आणि प्रत्येक ओळीसमोर ‘मालासह’ की ‘फक्त मजुरी’ हे लिहून घ्या. बराचसा फरक त्या यादीतच उघडा पडेल.

आठ बाय पाचच्या बाथरूमची जमीन ४० चौरस फूट. चारही भिंतींची मिळून लांबी २६ फूट. सात फुटांपर्यंत टाइल धरली आणि दार-खिडकी वजा केली तर भिंती साधारण १६० चौरस फूट. पुण्या-मुंबईच्या सध्याच्या बाजारात, मध्यम दर्जाचा माल धरून, ढोबळ हिशेब असा बसतो : तोडफोड आणि राडारोडा बाहेर नेणं १५ ते २० हजार, वॉटरप्रूफिंग आणि सिंकचा भराव १८ ते २५, प्लंबिंगचा माल व मजुरी २५ ते ३५, गिलावा आणि टाइल बसवण्याची मजुरी, त्याला लागणारं सिमेंट, वाळू, अ‍ॅडहेसिव्ह २८ ते ३८. प्रत्यक्ष टाइल्स ११ ते २०, दाराखिडकीच्या ग्रॅनाइट पट्ट्या आणि उंबरठा ४ ते ६, पाण्याने न फुगणारा दरवाजा ७ ते १०, वीज ५ ते ८, कमोड-बेसिन-नळ-शॉवर २५ ते ४५, गिझर ८ ते १२ हजार. बेरीज दीड लाखाच्या आसपासपासून २ लाख २० हजारांपर्यंत जाते.

या आकड्यांत पहिल्या चार बाबी पाहा. निम्म्याच्या आसपास रक्कम काम झाल्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींत जाते. लोक घासाघीस मात्र टाइलवर करतात. ५० रुपये फुटाऐवजी ९० रुपये फुटाची टाइल घेतली तर भिंती, जमीन आणि दहा टक्के जादा मिळून २२० चौरस फुटांना ८,८०० रुपये जादा पडतील. तेवढेच पैसे वॉटरप्रूफिंगमधून कापले, तर दोन पावसाळ्यांत सगळं पुन्हा तोडायची वेळ येऊ शकते.

राडारोड्याचाही अंदाज करून ठेवा, कारण तो सगळेच कमी धरतात. भिंतीवरची टाइल आणि गिलावा मिळून दीड इंच जाडी धरली तर २० घनफूट. नऊ इंच खोल सिंकमधला भराव आणखी ३० घनफूट. एकूण ५० घनफूट, पण फोडल्यावर माल फुगतो. ६० ते ७५ गोण्या भरतात आणि वजन अडीच टनांच्या घरात जातं. चौथ्या मजल्यावरून, लिफ्ट वापरायला बंदी असताना, या गोण्या खाली कोण आणि कोणत्या दराने उतरवणार, हे आधी ठरवा. हमाली वाचवायला काही जण तोच राडा पुन्हा सिंकमध्ये भरतात. त्यात लाकडाचे तुकडे, जुना गिलावा, पीओपी असतं, ते पाणी धरून ठेवतं. भरावाला स्वच्छ विटांचे तुकडे किंवा हलक्या ब्लॉकचे तुकडेच हवेत. भराव पडत असताना घरचं कुणीतरी तिथे उभं राहिलेलं बरं.

राखीव रक्कम किती ठेवायची? १५ टक्के. इमारत पंचवीस वर्षांच्या वरची असेल तर २० टक्के, कारण भिंत उघडल्यावर गंजलेली जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पाइपलाइन किंवा स्लॅबच्या तळाला सुटलेलं सिमेंट निघायची शक्यता बरीच असते. सळया उघड्या पडलेल्या दिसल्या तर टाइलवाल्याला थांबवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्यावर नुसता सिमेंटचा हात फिरवून पुढे जाऊ देऊ नका.

प्रश्न : खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली आहे. शेजारी म्हणतात तुमचं बाथरूम तोडा. पूर्ण तोडफोड न करता जुन्या टाइलवरच नवी टाइल लावली तर भागेल का? खर्च कुणाचा? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तोडायच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. त्याला जवळपास काहीच खर्च येत नाही. फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह दोन दिवस रात्री बंद ठेवा. एरवी बाथरूम वापरात नसतानाही खाली थेंब पडतात आणि व्हॉल्व्ह बंद केल्यावर ते मंदावतात, असं दिसलं तर दोष पुरवठ्याच्या कन्सील्ड, म्हणजे भिंतीत लपवलेल्या, पाइपमध्ये आहे. मग सगळी फरशी उखडायची गरज नाही, तेवढी भिंत उघडावी लागेल. फ्लश केल्यावरच पाणी उतरत असेल तर कमोडचा सांधा तपासा. फक्त आंघोळीनंतर ओल वाढते, तर संशय नहाणी ट्रॅपवर (फरशीवरचं पाणी जिथून वाहून जातं त्या जाळीखालच्या भागावर) आणि फरशीवर.

त्यासाठी नहाणीच्या जाळीत कापडाचा घट्ट बोळा किंवा रबरी बूच बसवा. फरशीवर दोन इंच पाणी भरा, त्यात खाण्याचा लाल रंग मिसळा आणि चोवीस तास तसंच ठेवा. खाली लाल डाग उमटला तर फरशीचे सांधे किंवा कोपरे गळतायत. नाही उमटला, तर बूच काढून पाणी एकदम सोडा. त्यानंतर उमटला तर ट्रॅप किंवा त्यापुढची पाइप. सिंकमध्ये बरंच पाणी आधीच साठलेलं असतं, म्हणून डाग लगेच दिसला नाही तरी आणखी एक-दोन दिवस लक्ष ठेवा.

टाइलवर टाइल लावल्याने बाथरूम चांगलं दिसतं, गळती जिथल्या तिथे राहते. शिवाय जमीन अर्धा ते पाऊण इंच वर येते, दार घासतं, बाहेरच्या खोलीकडे पाणी वळायची भीती, आणि नळांच्या मागच्या तबकड्या टाइलमध्ये रुततात. गळती नसेल, जुनी टाइल नाण्याने वाजवून बघितल्यावर कुठेही पोकळ बोलत नसेल, तरच हा मार्ग घ्या. दोष फक्त सांध्यांत असेल तर जुनं ग्राउट, म्हणजे टाइलच्या फटींतला मसाला, खरवडून इपॉक्सी ग्राउट भरल्यानेही काम भागतं. ते काही हजारांत होतं. ट्रॅपजवळ गळत असेल तर मात्र फरशी उचलल्याशिवाय इलाज नाही.

खर्चाचं म्हणाल तर, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाचं पाणी आणि सामायिक बाहेरच्या पाइपलाइनची गळती ही सोसायटीची जबाबदारी. फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट, सिंक (इथे धुण्याचं बेसिन) यांमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकांनी आपसांत मिटवायचा. म्हणूनच वरची तपासणी शेजाऱ्यांच्या आणि सोसायटीच्या एखाद्या सभासदाच्या समोर करा. डक्टमधली, म्हणजे इमारतीच्या पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीतली, पाइप गळत असेल आणि तुम्ही मुकाट्याने आपलं बाथरूम तोडून बसलात, तर दोन्हीकडून गेलं.

एक गोष्ट शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा : काम नीट झालं तरी स्लॅबमधली ओल सुकायला काही आठवडे लागतात. तोवर छताला रंग लावू नये.

प्रश्न : वॉटरप्रूफिंग म्हणजे नेमकं काय करतात? प्रत्येक जण वेगळं सांगतो. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : केमिकलचं नाव वेगळं असलं तरी पायऱ्या त्याच. सिंक स्लॅबपर्यंत मोकळं करायचं, धुऊन घ्यायचं, भेगा आणि पाइपभोवतीच्या फटी नॉन-श्रिंक (न आकसणाऱ्या) ग्राउटने भरायच्या. भिंत आणि स्लॅब जिथे भेटतात त्या काटकोनात गोलसर वाटा (मसाल्याची गोलाई) मारायचा, कारण कोटिंग पहिल्यांदा तडकतं ते तिथेच. मग पॉलिमरमिश्रित सिमेंटच्या कोटिंगचे दोन हात, पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. भिंतीवर निदान एक फूट वर, आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. नंतर पाणी भरून ४८ तास ठेवायचं आणि खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन बघायचं.

इथे दोन ठिकाणी चलाखी होते. एक, पाणी भरून ठेवायचे दोन दिवस वगळले जातात, कारण गवंडी रिकामा बसतो. दोन, भराव टाकल्यावर वरच्या पातळीला दुसऱ्यांदा कोटिंग करत नाहीत. हे वरचं कोटिंग महत्त्वाचं आहे. ते नसेल तर रोजचं पाणी सांध्यांतून भरावात मुरत राहतं आणि सिंक हळूहळू टाकी बनतं. करारात ‘खाली आणि वर, दोनदा कोटिंग, दोनदा पाणी भरून चाचणी’ असं लिहून घ्या.

ढाळ फुटाला पाव इंच नाही दिला तरी पाच फुटांत पाऊण इंच हवाच. जमिनीला दोन बाय दोनची मोठी टाइल आवडली असेल तर विचार करा : तिला नहाणीकडे ढाळ द्यायला तिरके काप घ्यावे लागतात. एक बाय एकची, खडबडीत पोताची टाइल जमिनीवर स्वस्तही पडते आणि पाय घसरत नाही.

प्रश्न : भारतीय पद्धतीचं भांडं काढून कमोड बसवायचा आहे, तोही समोरच्या भिंतीला. प्लंबर म्हणतो होईल. खर्च किती वाढेल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : भांड्याच्या जागीच कमोड बसवलात तर फारसा नाही. समोरच्या भिंतीला न्यायचा तर चार इंची मैल्याची पाइप फरशीखालून डक्टपर्यंत फिरवावी लागेल. तिला चाळीसला एक ढाळ धरला तर चार फुटांना सव्वा इंच उतार, त्यात पाइपची स्वतःची जाडी आणि बेंड. सिंक नऊ इंच असेल तर हे बसतं. चार-पाच इंचच असेल तर पाइप मावायला जमीन उंच करावी लागते आणि बाथरूममध्ये पायरी येते. प्लंबर ‘होईल’ म्हणतो ते खरंच असतं. पण कमी ढाळाची, दोन बेंडची लाइन वारंवार तुंबते, आणि ते काम संपल्यावर कळतं. आमचं मत : कमोड डक्टच्या भिंतीलाच राहू द्या, बेसिन हलवा. बेसिनच्या पाइपला एवढी जागा लागत नाही.

कमोड विकत घेण्याआधी माप घ्या. एस-ट्रॅपचे, म्हणजे पाइप जमिनीत उतरणारे, कमोड भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत ९ इंच किंवा १२ इंच अशा अंतराचे मिळतात. पी-ट्रॅपची पाइप भिंतीत जाते. अंतर मोजायचं ते टाइल लागलेल्या भिंतीपासून. उघड्या विटेपासून १२ इंच आलं, तर गिलावा आणि टाइल लागल्यावर ते साडेदहाच उरतं आणि १२ इंची कमोड बसत नाही. ९ इंची घेतला तर टाकीमागे दीड इंचाची फट राहते, तेवढी चालते. भिंतीवर टांगायच्या कमोडचं रूप छान असतं, पण त्याची लोखंडी फ्रेम, लपवलेली टाकी आणि पुढची भिंत मिळून साध्या कमोडपेक्षा १५-२० हजार जास्त धरा. चार इंची जुन्या विटेच्या भिंतीवर फ्रेमशिवाय तो टांगू नका.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. बिल्डरने दिलेले साधे नळ काढून कन्सील्ड डायव्हर्टर (नळ आणि शॉवरमध्ये पाणी वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) बसवायचा आहे. – एक वाचक, पनवेल

उत्तर : आधी भिंत कशाची आहे ते पाहा. अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कच्या, बोलीभाषेत ‘मायवान’च्या इमारतीत भिंतीही आरसीसीच्या (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) असतात आणि त्या इमारतीचा भार पेलतात. त्यांत पाइपसाठी झिऱ्या (खाचा) मारणं म्हणजे सळया कापणं. कुणी तयार झाला तरी करू नका. बाहेरून दिसणारा वॉल मिक्सर वापरा, नाहीतर चार इंच जाडीची, कमरेइतकी पुढची भिंत उभारून पाइप तिच्यात घ्या. जागा तेवढी कमी होईल.

दुसरं, रेरा (स्थावर संपदा) कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेले बांधकामाचे दोष बिल्डरने विनामोबदला दुरुस्त करून द्यायचे असतात. तुम्हीच फोडाफोड केलीत तर उद्याच्या गळतीचं बोट तुमच्याकडे वळेल. आधीच काही ओल असेल तर ती लेखी कळवून दुरुस्त करून घ्या, मग नळांचं बघा.

विटेच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत डायव्हर्टर बसवणार असाल तर एक बारकावा. त्याच्या प्लॅस्टिकच्या टोपणावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या दोन खुणा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. प्लंबर डायव्हर्टर आज बसवतो, गवंडी गिलावा चार दिवसांनी करतो, आणि तो भिंत ओळंब्यात (सरळ उभी) आणायला अर्धा इंच जाड थर मारतो. झालं, तबकडी बसत नाही, मग एक्स्टेन्शन शोधत फिरा किंवा टाइल फोडा. उपाय साधा : आधी गिलाव्याच्या ठिय्या (जाडी ठरवणारे ठिपके) मारून घ्या, त्यावर टाइलची जाडी धरा, मग डायव्हर्टर पक्का करा.

प्रश्न : टाइल किती घ्यायची? दुकानदार जास्त सांगतो, गवंडी त्याहून जास्त. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मोजलेल्या क्षेत्रफळावर १० टक्के जास्त. खिडक्या, खाचा, कोपरे बरेच असतील किंवा तिरकी रचना असेल तर १५. एक बाय दोन फुटी टाइलच्या पाच नगांच्या बॉक्समध्ये साधारण ९.७ चौरस फूट येतात. १६० चौरस फूट भिंतीला १७६ धरले तर १९ बॉक्स. बॉक्सवरचा बॅच आणि शेड क्रमांक सगळ्यांवर एकच आहे ना ते गाडीतून उतरवतानाच बघा. मोरबीहून (गुजरातमधलं टाइल्सचं केंद्र) येणारी पुढची खेप त्याच डिझाइनची असली तरी रंगात फरक पडू शकतो. एक बॉक्स कायमचा घरात ठेवा.

मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास पीत नाहीत, त्यामुळे त्या भिंतीला सिमेंटच्या घोळाने धरत नाहीत, काही वर्षांत पोकळ होतात. त्यांना अ‍ॅडहेसिव्ह हवं, २० किलोची पिशवी ४५ ते ५० चौरस फुटांना पुरते. अ‍ॅडहेसिव्हचा थर तीन ते सहा मिलिमीटरच असतो, म्हणजे भिंत आधीच ओळंब्यात आणि गुण्यात (काटकोनात) हवी. मोठ्या टाइलचं काम महाग होतं ते या जादा गिलाव्यामुळे आणि कापण्यात जाणाऱ्या वेळामुळे. दरपत्रकात टाइलचा भाव ‘अधिक १८ टक्के जीएसटी’ आहे का, हेही विचारा.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं जड पाणी आहे. महागडे नळ घ्यावेत का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नळ चांगले घ्या, पण भपकेबाज नको. मोठा रेन शॉवर क्षारांनी लवकर तुंबतो. रबरी छिद्रांचा, बोटाने चोळून साफ होणारा छोटा शॉवर परवडतो. काळे आणि सोनेरी नळ टाळा, त्यांवर पांढरे डाग उठून दिसतात. गिझरचा रॉड आणि त्यातली मॅग्नेशियमची कांडी दरवर्षी तपासून घ्या. आणि गिझरखाली अँगल कॉक (पाणी बंद करायची छोटी तोटी) जरूर बसवा, नाहीतर गिझर काढताना घरभराचं पाणी बंद करावं लागतं.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. आईवडिलांच्या मुलुंडच्या घरात काम काढलंय. दोघंही सत्तरीच्या पुढचे. इथून लक्ष कसं ठेवू? पैसे कसे द्यावेत? – एक वाचक

उत्तर : आईवडिलांसाठी म्हणून काही गोष्टी गिलाव्याच्या आधीच सांगा. कमोडशेजारी आणि शॉवरजवळ आधाराचा दांडा येणार असेल तर तिथे भिंत भरीव हवी. हलक्या ब्लॉकमध्ये साधा प्लग सैल होतो आणि नेमका भार पडल्यावर निघतो. दार बाहेर उघडणारं करा, आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. गिझरला स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यावर पडणारा स्विच), आणि बाथरूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेचा झटका टाळणारा स्विच) हे काटकसरीचे विषय नाहीत.

लक्ष ठेवायला तीन वेळी फोटो मागवा. पहिला, सिंक स्लॅबपर्यंत मोकळं झाल्यावर. दुसरा, पाणी भरून ठेवलेलं असताना. तिसरा आणि सगळ्यात उपयोगी, पाइप टाकल्यावर आणि गिलावा करायच्या आधी, प्रत्येक भिंतीवर मोजपट्टी धरून. पुढे कधी दांडा किंवा आरसा लावायला भोक पाडताना हाच फोटो पाइप वाचवतो. त्याच टप्प्यावर लाइनला हातपंपाने सहा-सात किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब देऊन निदान तासभर काटा उतरत नाही ना ते बघायला सांगा. सीपीव्हीसीचे (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लॅस्टिक पाइपचे) सांधे चिकटवल्यावर चोवीस तास थांबून मगच दाब द्यायचा. नळ जिथे फिरवून बसतात तिथे पितळी आट्यांचे एल्बो हवेत, प्लॅस्टिकच्या आट्या नळ आवळताना चिरतात.

सोसायटीची परवानगी, अनामत आणि कामाच्या वेळा आधी विचारून घ्या. दुपारी दोन तास ठोकाठोकीला बंदी असेल तर पंधरा दिवसांचं काम वीस-बावीसवर जातं. घरात दुसरं बाथरूम नसेल तर त्या दिवसांची सोयही खर्चात धरा. राडारोडा उचलायला मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, कंत्राटदार तो कुठे टाकणार हे विचारून ठेवा.

पैसे टप्प्यांनी द्या. सुरुवातीला २० टक्के. तोडफोड झाल्यावर आणि वॉटरप्रूफिंगची पाण्याची चाचणी पार पडल्यावर ३०. प्लंबिंगचा दाब तपासून गिलावा झाल्यावर २०. टाइल पूर्ण झाल्यावर २०. उरलेले १० टक्के बाथरूम महिनाभर वापरून, खालच्या फ्लॅटचं छत कोरडं राहिल्याची खात्री करून. कमोड, नळ आणि गिझरची बिलं आईवडिलांच्या नावाने, वॉरंटी कार्डासह घ्या. त्यांचा माल तुम्ही थेट दुकानातून घेतलात तर कंत्राटदाराला त्यासाठी उचल द्यावी लागत नाही, आणि जादा कामाचा दर तोंडी न ठरवता व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतला की शेवटच्या बिलावर वाद होत नाही.